रेडिओ बंद झाला का?

…आन् वरतून ते दवाखान्यावाले आमालाच सांगायलेत, लांब बसा! आता तुमीच सांगा, ज्या बाईनं नऊ महिने पोटात वागवलं तिच्यापासून तिच्याच लेकीला लांब बसवायचं, हा कुटला कायदा? अवो या की, असं उंबऱ्यापाशी कामून टेकलाव? सरका, जवळ सरका. सगळी सतरंजी मोकळी पडली. भिंतीला पाठ लावून निवांत बसा. आमच्यात विटाळ न्हाई. मयताचा न्हाई, बाळंतिणीचा न्हाई, कशाचाच न्हाई. लिंगायताच्या घरी भेटायला आलाव तर च्या घेऊन जायचं, पाणी पिऊन जायचं. आता शेजाऱ्यापाजाऱ्याचं बघून आमच्यातले बी काही पाळायलेत आजकाल, ते सोडा, पण माझ्या बायकोनं, शांतम्मानं कदी पाळला न्हाई. आमच्या शरणांनी, संतांनी, शेकडो वर्षाखाली सगळे विटाळ मोडून टाकले… आन् परवा एका यंत्रानं एका दिसापुरता पुन्हा घालून ठिवला बगा!

तर जे येतंय ते इचारायलंय, चन्नबसप्पा, शांतम्मा गेली कशानं? कशानं म्हंजी? पायातली रगताची गाठ छातीत गेली, खलास. हे सांगायला काय लागतंय? पण मला त्याचं न्हाई हो. जाणारं माणूस जातंय, नसीब हाय. मला सलतंय ते त्या आदल्या दिसाचं, आन् ते तर कुणीच इचारीना! तुमी इचारा न इचारा, मी सांगणार. किराणा दुकान बंद हाय, समोर गिऱ्हाईक न्हाई, माणसानं बोलायचं कुणाशी? भिंतीशी?

आता हे सगळं सुरू कशावरनं झालं, तर धुण्याच्या दगडावरनं. शांतम्माचा पाय घसरला, घोटा मोडला. पलस्तर झालं. बाई खाटंवर. ज्या बाईचा पाय उभ्या जलमात जमिनीला टेकला न्हाई, ती खाटंवर! तिथनं माझ्या चुलीवर नजर. "अवो, जिरं जळालं." "अवो, मीठ दोनदा टाकलाव." डोळे मिटलेले असायचे हो, नुसत्या वासावर! पलस्तर निघालं तर डावा पाय हे एवढा! टम्म! मी म्हणलं दवाखान्यात चल, तर म्हणाली, "चालायला लागले की उतरतंय." चालायला लागली तर दम लागायला लागला. चुलीपासून दारापर्यंत आली की बसायची. मग मात्र माझ्या तोंडचं पाणी पळालं. पुतण्याला, महांतेशला, म्हणलं काढ जीप, आन् नेली परभणीला.

डॉक्टर भला माणूस, उगंच नावं ठिवायची न्हाईत. रगत पातळ करायच्या सुया त्यानं लगोलग चालू केल्या. मग मला बाजूला घेऊन म्हणतो कसा, "हे पहा काका, सोनोग्राफी केली, पण सूज इतकी आहे की वरच्या शिरा धड दिसत नाहीत. एरवी आपण रंगाचं औषध टोचून बघतो, पण यांना ते चालत नाही." चालत न्हाई म्हंजी, मागं एकदा तसलं टोचलं व्हतं तर बाईच्या अंगभर गांधी उठल्या, दम कोंडला, मरता मरता वाचली. "म्हणून," म्हणाला, "नांदेडला नेऊन रेडिओअ‍ॅक्टिव्ह तपासणी करून आणा."

झालं! शांतम्माचे कान लय तिखट. खाटंवरून वरडली, "अगं माय! रेडिओ? पायात?" डॉक्टर म्हणाला, "आजी, रेडिओ नाही…" "मग गाणी वाजतेत का नुसत्या बातम्या?" सगळा वार्ड हसायला लागला हो! डॉक्टर बिचारा समजून सांगायला, की आजी, किरणाचं थोडंसं औषध पायाच्या शिरेत सोडतात, ते रक्ताबरोबर वर जातं, वरून कॅमेरा बघतो, जिथं अडलं तिथं गाठ. मला घंटा काय कळलं न्हाई. मी आपली मान हलवली, शिकल्याल्या माणसासमोर हलवावी लागती. आन् ही म्हणाली, "म्हंजी पाटाच्या पाण्यात भुस्सा सोडायचा आन् कुटं तुंबलं ते बगत बसायचं." डॉक्टर म्हणाला, "अगदी तसंच." मग मला म्हणाली, "कळलं का? का उगंच मुंडी हलवायलाव?"

तव्हापासून त्या तपासणीचं नाव पडलं रेडिओ.

आता मदी एक सांगायचं राह्यलं. लेकीचं. आमची धनश्री, उदगीरला दिलेली. जावई गुणाचा हाय, सगळं चांगलं हाय, पण दोनदा पोट राह्यलं आन् दोन्ही टायमाला गेलं. दुसऱ्या टायमाला तर पोरगी महिनाभर बोलली न्हाई. ह्या टायमाला तिथल्या डॉक्टरनीनं सांगितलं, खाटंवरून उठायचं नाव काढायचं न्हाई. म्हंजी गंमत बगा, हिकडं माय खाटंवर, तिकडं लेक खाटंवर, आन् दोघींच्या मधी मी आन् मोबाईल! सातवा लागला तव्हा कुटं पोरीला हिंडायफिरायची परवानगी मिळाली. पर तवर भेट न्हाई. शांतम्माचं एकच टुमणं, "एकदा माझ्या हातानं तिच्या पोटाला हात लावू द्या. लेकरू हालताना मला कळू द्या. मग मला कुटं बी न्या, नांदेडला न्या न्हाईतर आन् कुटं न्या." दोनदा सुनं झाल्यालं पोट ते… तिला खात्रीच पटत नव्हती हो. फोनवरच्या सांगण्यानं मायची खात्री पटती का?

मायला दवाखान्यात नेलं म्हणल्यावर धनश्री थांबती व्हय! जावयाला म्हणली, गाडी हळू चालव, पर चल. "मी येते अव्वा," म्हणली फोनवर. शांतम्माचा चेहरा असा उजळला! म्हणाली, "ये. रेडिओ करून मी येतेच संध्याकाळपर्यंत."

तर निघालाव आमी नांदेडला. आन् त्या औषधाची तऱ्हा ऐका! ते औषध म्हणं वाट बगत न्हाई. सकाळी येतंय आन् आपलं आपण आटत जातंय, दुपारपर्यंत अर्धं, संध्याकाळी त्याच्या अर्धं! म्हणलं हे औषध हाय का उन्हाळ्यातला खवा? आन् नेमकं पिंगळीपाशी, बगा आता, पिंगळीपाशी जीप पंक्चर! महांतेश खाली उतरून म्हणतो, "काका, स्टेपनीत पण हवा न्हाई." हवा न्हाई? मग मागं बांधून काय आरती ववाळायला आणलास का रं? तेवढ्यात नांदेडवरून फोन, "काका, कुठवर आलात? औषध थांबत नाही." मी म्हणलं, "बाबा, औषधाला म्हणावं पिंगळीत पंक्चर हाय." पंक्चरवाला इचारतो, "कसलं औषध हो?" म्हणलं, "वाट बघितली की आटणारं." तो म्हणतो, "मग माझ्या सासऱ्यासाठी दोन बाटल्या आणा, मुक्काम तरी आटंल त्याचा." शांतम्मा हसली… दम लागेपर्यंत हसली. मी पाठीवरून हात फिरवला तर म्हणाली, "असू द्या, हसल्यानं कुणी मरत न्हाई."

पोचलाव. तिथं तो तपासणी करणारा गडी, सिद्धोधन नाव त्याचं. तिशीतला असंल, नीटनेटका, तोंड गोड. औषध आणलं तर कशात? शिशाच्या जड डब्यात! सुईला बी शिशाचं चिलखत. स्वतः अंगरखा घालून, चिमट्यानं धरून… शांतम्मा बघायली, बघायली, म्हणाली, "बाळा, तुला येवढं भ्या वाटायलंय तर मला कामून टोचायलास?" तो म्हणाला, "आजी, तुम्हाला एकदाच. मला रोज आहे." पटलं तिला. दोन्ही पाय पुढं केले.

आन् मग आली पंचाईत. "आजी, अंगावरचं धातूचं सगळं काढून ठेवा." जोडवी काढली, मंगळसूत्र काढलं, माझ्या खिशात. गळ्यातल्या चांदीच्या डबीला हात लावला त्यानं आन् ही उठूनच बसली! "हे न्हाई निघत." अवो, त्या डबीत लिंग. आमच्यात जलमल्यापासून गळ्यात, न्हाताना, झोपताना, मरस्तोवर अंगावेगळं करायचं न्हाई. तो म्हणतो, चित्रात डाग येईल आजी. ही म्हणती, येऊ दे, देवाचा डाग हाय. मी मधी बोलायला गेलो तर दोघं बी म्हणले, तुमी गप बसा! शेवटी त्यानंच तोड काढली. "डबी हातात धरा आजी, हात बाजूला पसरा, कॅमेऱ्यात येणार नाही." मग ही आडवी झाली, लिंग डाव्या तळहातावर घेऊन, डोळे मिटून. रोज पूजेला तसंच घेती ती डाव्या तळहातावर. पर आमच्यात माणूस गेल्यावर बी लिंग त्याच हातात देतेत हो. म्हणलं, चन्नबसप्पा, खामखा काय बी मनात आणू नको.

काचेच्या अलीकडनं मी बघत व्हतो. काळा पडदा, त्यावर ठिपके. उजव्या पायातले ठिपके चालले सरळ वर, जत्रेला निघाल्यागत. आन् डाव्या पायातले मांडीपाशी आले आन् थटले. तिथंच दाटी. थोडे आडवाटेनं गेले, बाकीचे तिथंच. मला कुणी सांगायची गरज न्हाई पडली. भुस्सा तुंबला की कळतंय माणसाला. पुढं छातीचं चित्र आलं, त्यात एका कोपऱ्यात अंधार. तिथवर भुस्सा पोचलाच नव्हता.

झाल्यावर सिद्धोधन तिला म्हणतो, "आजी, आता भरपूर पाणी प्यायचं, म्हणजे औषध लघवीवाटे निघून जातं. आणि उद्या सकाळपर्यंत लहान लेकरं आणि गरोदर बाया, यांच्यापासून जरा लांब राहायचं."

शांतम्माचं तोंड असं उतरलं… तुमाला सांगतो, पाय मोडला तव्हा उतरलं नव्हतं. म्हणाली, "म्हंजी? गरवार बाईनं मला शिवायचं न्हाई?"

तो गडी पुस्तकी मराठी सोडून म्हणतो, "आजी, त्यो शबूद नका वापरू. आमच्या आजीनं लय ऐकला त्यो, जलमभर." शांतम्माला समजलं. त्याचा हात धरला तिनं. म्हणाली, "बाळा, आमच्यात विटाळ न्हाई." तो म्हणाला, "आमच्यात बी न्हाई आजी." हसले दोघं बी. मग ही म्हणाली, "मग लेकीला लांब कामून ठिवायचं?" तो म्हणाला, "पोटातल्या लेकरासाठी. लय मोठा धोका न्हाई, पर उगंच कशाला जोखीम?" ही म्हणाली, "लेकरासाठी म्हणलास, मग झालं. लेकरासाठी उभा जलम लांब बसंन, एका दिसाचं काय घेऊन बसलास?" त्यानं मला आपला फोन नंबर दिला. काय शंका आली तर इचारा म्हणला. आन् जीपपर्यंत येऊन पुन्हा, "काका, पाणी पाजा बरं का. भरपूर पाजा."

परभणीला येऊन दवाखान्यात भरती. डॉक्टरनं चित्रं बघितली, सुया वाढवल्या, म्हणाला, "आता हलायचं नाही." आन् तेवढ्यात धनश्री आली. दारात. पोट हे एवढं पुढं, हातात पिशवी. "अव्वा!" करून जी झेपावली… आन् शांतम्मा वरडली, "थांब! तितंच थांब! रेडिओ चालू हाय!"

पोरीला काय कळंना! माय डोक्यानं गेली का काय! मी समजून सांगितलं, तर उंबऱ्यातच रडायला लागली. मी खुर्ची नेऊन टाकली दारापाशी. हिकडं खाट, तिकडं खुर्ची, मधी फरशी. शांतम्मा म्हणाली, "रडू नको गं, लेकरू घाबरतंय. तोंड फिरव जरा. वाळलीस. काय खातीस का न्हाई?" आन् मग मला, "पाणी वता." पिली. "आणखी वता." पिली. "आणखी." म्हणलं अगं फुटशील! म्हणाली, "तुमी वता. जितकं पिऊ तितका रेडिओ लवकर बंद होतोय." बाई तांब्यावर तांब्या पिली हो… आन् दर घोटाला दारातनं लेकीचा आवाज, "अव्वा, रेडिओ बंद झाला का?" "न्हाई गं. उद्या सकाळी." शेजारच्या खाटंवरली पाथरीची मनकर्णाबाई, गुडघा बांधून पडल्याली, ती म्हणली, "कोणतं स्टेशन लावलंय बाई तुमी, बंदच होईना!"

मग काय झालं, धनश्री बसल्या बसल्या दचकली आन् पोट धरलं. "अव्वा, हालायलंय!" शांतम्मा तटकन उठून बसली. हात पुढं केला… हात पुरतो व्हय तिथवर? मग माझ्याकडं बघून म्हणाली, "तुमी जा."

"कुटं?"

"तिच्याकडं. पोटावर हात ठिवा. आन् मला सांगा."

आता तुमीच सांगा, मी बाप माणूस! लेकीच्या पोटाला हात लावू? पोरगी वयात आली तव्हापासून डोक्यावर हात ठिवण्यापलीकडं… आन् सगळा वार्ड बघायलेला, मनकर्णाबाई तर मान वर करून! म्हणलं, "अगं जनाची लाज…" "कसली लाज? जा म्हणते ना!" गेलो. धनश्रीनं मान खाली घातली, मी तोंड भिंतीकडं केलं, आन् ठिवला हात. आन् काय सांगू… आतून ठक! म्हणलं, "अगं लाथ मारली की गं!" शांतम्मा वरडली, "कशी? जोरात का हळू?" म्हणलं, "चांगली व्हती." "चांगली म्हंजी कशी? दुकानात इतकं तोलून मापून देताव, आन् हितं चांगली व्हती? हिकडं या. माझ्या हातावर दावा."

मग मी तिच्या खाटंवर बसलो, तिचा तळहात घेतला, आन् बोटानं टक केलं. "अशी." ती म्हणाली, "एवढीच?" "आन् मग अशी." पुन्हा गेलो, पुन्हा हात ठिवला, पुन्हा येऊन तिच्या हातावर टक टक. दार ते खाट, खाट ते दार, मी आपला पोस्टमन! पुन्हा कुणाला लाज न्हाई का काय न्हाई. शांतम्मा डोळे मिटून, तळहात पसरून बसल्याली. म्हणाली, "हाय. जित्तं हाय." आन् डोळ्यातनं पाणी काढलं. मनकर्णाबाई बी रडायली, मी बी रडायलो, महांतेश बाहेर च्या आणायला म्हणून गेला तो च्याशिवायच आला.

उठता उठता धनश्री म्हणली, "उद्या सकाळी येते अव्वा." ही म्हणाली, "ये. पोटभर हात ठिवते उद्या. कुटं पळून जायलीस?" जावई तिला घेऊन पाव्हण्याकडं गेला मुक्कामाला.

सकाळ झाली. शांतम्मा माझ्या आधी जागी. म्हणाली, "वेणी घाला." मी आन् वेणी! घातली कशीबशी, दोरखंड वळल्यागत. तोंड पुसलं, कपाळाला भस्म लावलं. "रेडिओ बंद झाला असंल," म्हणाली, "लावा फोन पोरीला." लावला. "निघालाव अप्पा," धनश्री म्हणली. मी सांगितलं, निघाली. ही म्हणाली, "पाणी द्या जरा." तांब्या तोंडाला लावला. दोन घोट घेतले… आन् तिसरा घेतलाच न्हाई. छातीला हात लावला. माझ्याकडं बघितलं. मी वरडलो, डॉक्टर आले, सिस्टर आल्या, मला बाहेर काढलं. केलं हो त्यांनी सगळं, खोटं का बोलू? पर ती गाठ डॉक्टरपेक्षा लवकर पोचली व्हती.

मला आत बोलावलं. डबीतलं लिंग काढून डाव्या हातात मीच ठिवलं. आन् वळून बघतो तर दारात धनश्री. आत यायलीच न्हाई. कालच्या जागी, उंबऱ्यात. कालची खुर्ची धरून. म्हणली, "अप्पा… आत येऊ का?"

मनकर्णाबाई हळूच म्हणली, "नको गं बाई, पोटुशीनं मयताजवळ जाऊ नये." मी म्हणलं, "आमच्यात विटाळ न्हाई!" वार्डभर ऐकू गेलं असा वरडलो. पर मग माझाच पाय अडला. विटाळ न्हाई, ठीक हाय. रेडिओचं काय? सकाळपर्यंत म्हणला व्हता, पर सकाळ म्हंजी कवा? दोनदा गेल्यालं पोट हाय हो ते… शांतम्मानं काल एक दिस पाळलं लेकरासाठी, आज माझ्या घाईनं काय झालं तर तिला काय तोंड दाखवू? लावला फोन.

"नमस्कार काका!" सिद्धोधन. "आजी कशा हायत?"

आता काय सांगू त्याला? म्हणलं, "बाबा… रेडिओ बंद झाला का?"

हसला गडी. "झाला की काका! आता काय भ्या न्हाई. ताईला म्हणावं, बस जवळ, धर हात, पड गळ्यात. आजीला बी म्हणावं, घे पोरीला पोटभर."

मी धनश्रीकडं बघून मान हलवली. ती आत आली. खाटंवर बसली, मायचा उजवा हात उचलला आन् आपल्या पोटावर ठिवला. दोन्ही हातांनी वरून दाबून धरला. लय येळ बसली तशीच. लेकरू हाललं का न्हाई, मी इचारलं न्हाई.

फोन माझ्या कानालाच व्हता. तिकडनं सिद्धोधन म्हणायला, "आन् काका, आजीला पाणी पाजायलाव ना? विसरू नका बरं."

म्हणलं, "पाजलं बाबा. आत्ताच पाजलं."